अकरा शिक्क्यांचा हिरवा

अठरा वर्षं जपानात राहून माझ्या बाबांना एकदाही कोणी 'नको' म्हटलं नव्हतं, आणि याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

बाबा म्हणजे जगदीश दिघे. मूळचे मुलुंडचे, त्सुकुबातल्या एका प्रयोगशाळेत यंत्रं चालू ठेवायच्या कामावर. १९८८ साली आले, आणि शहाण्णव साली त्यांनी गावाच्या कडेला, भाताची खाचरं सुरू होतात तिथल्या गल्लीत, एक जुनं दुमजली घर घेतलं. गल्लीत आमचं धरून बारा घरं. बाकीची अकराही घरं बाबांशी इतकी चांगली वागायची की बाबा हैराण.

बाबांनी अंगणात मुळे लावले, ते किडीने खाल्ले. गल्ली म्हणाली, "वा, छान आलेत." उन्हाळ्याच्या नाचात सगळे उजवीकडे फिरले, बाबा डावीकडे. गल्ली म्हणाली, "दिघे-सान, छान नाचता हो तुम्ही."

"कसलं छान?" बाबा घरी येऊन पायमोजे काढत म्हणायचे. "दोन माणसांच्या पायांवर नाचलो मी. मुलुंडला असतो तर त्यांनी तिथल्या तिथे माझा उद्धार केला असता."

"मग बरंच आहे की," आई म्हणायची. माझी आई, चारुता, मुलुंडचीच, पण तिला उद्धाराची आठवण येत नाही.

'छान' झालं की गल्लीचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "मग, भारतात परत कधी?" २००५ साली तोक्योची नवी जलद गाडी सुरू झाली तेव्हापासून हा प्रश्न वाढला, कारण स्टेशनाजवळच्या इमारतींमधून कॉम्प्युटरवाली मंडळी राहायला यायला लागली. काळ्या बॅगा, सहा महिन्यांचा करार, सातव्या महिन्यात तांदळाचा कुकर शेजाऱ्याला देऊन रवाना. ती खरोखरच परत जायची, त्यामुळे बाबाही निघालेच आहेत असं गल्लीने धरून टाकलं.

"पाहुण्याला कोण 'नको' म्हणतं, सारा?" बाबा मला म्हणायचे. "'नको' घरच्याला म्हणतात. एकदा, एकदाच या गल्लीतल्या कोणीतरी मला तोंडावर 'नको' म्हणू दे. मग मी मानेन की मी इथला आहे."

सगळ्यात जास्त 'छान' म्हणायच्या समोरच्या इशिझुका-सान. ऐंशीच्या पुढच्या, रबराचे बूट, डोक्याला रुमाल, घरामागे स्वतःचा भाजीचा तुकडा. तिथे त्या जपानी अळू लावायच्या. त्या लोकांना त्याचे कंद हवे असतात, पानं ते फेकून देतात. एका ऑक्टोबरात आईने ती फेकलेली पानं मागितली, तेव्हापासून दर वर्षी पानांची जुडी आमच्या दाराशी यायची. आम्ही त्यांचं काय करतो हे त्यांनी दहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. इबाराकीच्या जुन्या माणसांची बोली असते, प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'दाप्पे' लावलेलं, नाकात सुरू होऊन पोटात संपणारं. इशिझुका-सान मांजराशी, पोस्टमनशी, सगळ्यांशी त्या बोलीत बोलायच्या. बाबा दिसले की लगेच टीव्हीवरच्या बातम्यांची बाई.

२००६च्या सप्टेंबरात घर रंगवायचं ठरलं. बाहेरच्या भिंतीला हात लावला की हात पांढरा होत होता. रंगारी नेमोतो-सान आले, त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला, तो पांढरा तळवा आम्हाला दाखवला आणि म्हणाले, "मा." 'मा' म्हणजे आपलं 'हं, बघू', आणि नेमोतो-सानचं हे पूर्ण वाक्य असतं.

बाबांना हिरवा हवा होता. पोपटी नाही, बाटलीसारखा नाही, शांत हिरवा. तोच आत दारातल्या भिंतीलाही हवा होता. इथे घरात भिंतींना कागद लावतात, रंग नाही, म्हणून नेमोतो-सान पुन्हा "मा" म्हणाले, पण जरा लांबवून. मग त्यांनी शेडकार्ड दिलं. पंख्यासारखं उघडणारं, त्यात हिरव्याच पन्नास पट्ट्या. ते शेडकार्ड आमच्या जेवणाच्या टेबलावर आठवडाभर लोणच्याच्या बरणीशेजारी राहिलं.

"हा वाटाण्याचा," आई पट्ट्या उलटत म्हणाली. "हा शेवाळ्याचा. हा आपल्या मुलुंडच्या दवाखान्याचा. तुम्हाला नक्की कुठला हवाय?"

"जरा मळकट हवा."

"मळकट कशाला घ्यायचा? तो मळेलच आपला आपण."

शेवटी नेमोतो-साननीच तीन रंग निवडले आणि वहीच्या कागदाएवढे तीन पुठ्ठे रंगवून आणले. पहिला राखाडीकडे झुकलेला, दुसरा जरा गडद, तिसरा कोवळ्या मटारासारखा, लखलखीत. तिसरा कशाला आणला असं मी विचारलं. ते म्हणाले, "तीन द्यायचे असतात. तिसरा असा द्यायचा, की माणूस पहिल्या दोनातला एक घेतो." तीस वर्षांत त्यांचा तिसरा पुठ्ठा कोणी घेतला नव्हता.

त्या वर्षी गल्लीच्या प्रमुखपणाची पाळी आमच्या घरावर होती. प्रमुखाचं मुख्य काम म्हणजे काइरानबान. हा एक पॅड असतो, त्याला गल्लीच्या सूचना अडकवलेल्या असतात. कचऱ्याचा दिवस बदलला, नाल्याची सफाई रविवारी, असलं काही. तो घरोघर फिरतो, प्रत्येक घर आपला छोटा गोल शिक्का मारतं आणि पॅड पुढच्या दाराला लटकवतं. बाबांनी त्या पॅडला हिरव्या रंगाचे तीन तुकडे चिकटवले, खाली एक, दोन, तीन असे आकडे टाकले आणि अतिशय नम्र जपानीत लिहिलं की आमच्या घराला यातला कोणता रंग द्यावा याबद्दल सर्वांनी आपलं मत कळवावं.

"अहो, आपलं घर," आई म्हणाली. "गल्लीला कशाला विचारायचं?"

"आपण घराच्या आत असतो. भिंत बघणार समोरचे. इशिझुका-सानची स्वैपाकघराची खिडकी बरोब्बर आपल्या भिंतीवर उघडते. त्यांना विचारायला नको?"

मला कळत होतं हे कुठून आलंय. माझे आजोबा, आबा, मुलुंडच्या सोसायटीचे बावीस वर्षं सेक्रेटरी होते. तिथे इमारतीच्या रंगाचं परिपत्रक फिरलं की प्रत्येक बिऱ्हाड त्यावर शेरा मारायचं. 'पिवळा चालणार नाही.' 'गुलाबी कोणी सुचवला त्याचं नाव जाहीर करावे.' 'रंग कोणताही द्या, आधी टाकी धुवा.' बत्तीस बिऱ्हाडं, बत्तीस मतं. शेवटी ए विंग पिवळी झाली आणि बी विंग गुलाबी, आणि आबांच्या मते तो त्यांच्या कारकिर्दीतला सर्वोच्च क्षण होता. बाबांना तसले शेरे हवे होते. पॅड पाठवताना त्यांनी शेऱ्यांसाठी अर्धं पान कोरं सोडलं होतं, आणि पॅडला पेनसुद्धा बांधून दिलं होतं.

पाच दिवसांनी पॅड परत आला. कोरं पान कोरंच. पण तिसऱ्या रंगाच्या बरोब्बर खाली अकरा लाल शिक्के, एका ओळीत, पट्टी लावल्यासारखे.

बाबा खुर्चीवर बसले. "एकमत," ते हळूच म्हणाले.

"बाबा, शिक्का म्हणजे 'बघितलं'. कचऱ्याच्या कागदावरपण असेच शिक्के असतात."

"कचऱ्याच्या कागदावर तीन पर्याय नसतात, सारा."

त्यांनी मुलुंडला फोन लावला. "आबा, गल्लीने घराचा रंग ठरवला. अकराच्या अकरा जणांनी एकच रंग सांगितला."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग आबा म्हणाले, "सगळे जिवंत आहेत ना?"

खरं म्हणजे बाबांना स्वतःला पहिला रंग आवडला होता. पण एकमतापुढे काय करणार. त्यांनी नेमोतो-सानना सांगितलं तेव्हा नेमोतो-सान म्हणाले, "तिसरा?"

"तिसरा. एकमताने."

नेमोतो-साननी दातांतून श्वास आत ओढला, पुठ्ठा उलटा केला, सुलटा केला, आणि डबे मागवले.

ऑक्टोबरात परांची बांधली गेली, घराभोवती जाळी लागली. दोन दिवस जाळीच्या आत काय चाललंय कोणाला दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, नेमोतो-साननी रस्त्याकडची भिंत वाळावी म्हणून तेवढ्या बाजूची जाळी सरकवली. पुठ्ठ्यावरचा रंग भिंतीवर गेला की दोन पट्ट्या वर चढतो, हे मला त्या दिवशी कळलं. पुठ्ठ्यावर मटार होता. भिंतीवर मटाराचा ट्रक उलटला होता.

मी सायकल पुसायच्या निमित्ताने फाटकापाशी थांबले. जाणारा-येणारा प्रत्येक जण थांबून म्हणाला, "घर उजळलं हो." बाबांनी संध्याकाळी हे ऐकलं आणि जेवताना आईला सांगितलं, "पाच जण म्हणाले, उजळलं. पाच."

"कसे म्हणाले ते करून दाखवू का?" मी विचारलं. हे माझ्याकडे नेहमीचं काम. घरात टीव्ही कमी लागतो, मी जास्त.

आधी मी कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर केले. हात मागे, मान वर, भिंतीकडे बघत दातांतून लांब श्वास, गरम चहाचा पहिला घोट घेतल्यासारखा, आणि मग, "उजळलं… हो." मग जुळ्यांची आई. एक मूल डाव्या हाताला, एक उजव्या, नजर रस्त्यावर, 'उज' आमच्या फाटकापाशी आणि 'ळलं' पुढच्या घरापाशी. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"मास्तर परत कर," ते म्हणाले.

मी परत केले.

"परत."

तिसऱ्यांदा बाबांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. "हा श्वास मी ओळखतो. लॅबमध्ये यंत्र दुरुस्त होणार नाही हे सांगायच्या आधी घेतात तो हा. नेमोतो-साननीपण घेतला होता." ते उठून खिडकीशी गेले. "त्यांना हा रंग आवडलेला नाही, चारुता."

"मलाही नाही आवडलेला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, एकमत आहे."

बाबांना रंगाचं तेवढं वाटलं नव्हतं. अकरा घरांना रोज दारातून बाहेर पडताना हे बघायला लागणार, तरी एकही घर 'नको' म्हणणार नाही, हे त्यांना लागलं होतं. शनिवारी परांची उतरायची होती. शुक्रवारी सकाळी दुसरा हात मारला की संपलं, दहा वर्षं मटार. म्हणजे हातात फक्त गुरुवार होता. त्यांनी नेमोतो-सानना फोन करून सांगितलं, उद्या फक्त पन्हळी रंगवा, भिंतीला हात लावू नका. मग बसून पॅडला नवा कागद लावला. 'आमच्या घराच्या रंगाबद्दल कृपया किमान एक तक्रार लिहावी. तक्रार नसल्यास ती का नाही, याचं कारण द्यावं.'

"बाबा, असं जपानीत कोणी लिहीत नाही."

"मराठीत लिहितात. भाषांतर समज." आणि त्यांनी पॅड इशिझुका-सानच्या दाराला लटकवला.

गुरुवारी शाळेला कसलीशी स्थापनादिनाची सुटी होती, बाबांनी अर्धा दिवस रजा टाकली होती. पॅड पुढे जाईना. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, पॅड समोरच्या दाराशी नव्हता आणि पुढच्या दारालाही आला नव्हता. बाबा पडद्याआडून बघत होते. दहा वाजता समोरचं दार उघडलं आणि इशिझुका-सान रस्ता ओलांडून थेट आमच्याकडे आल्या. बूट, रुमाल, एका काखेत पॅड, दुसऱ्या हातात अळूच्या पानांची जुडी.

"सकाळी सकाळी त्रास देते आहे," बातम्यांची बाई म्हणाली.

"या, या. तक्रार आहे का?" बाबांनी इतक्या आशेने विचारलं की मला त्यांची दया आली.

"छे, छे. घर अगदी…" दातांतून श्वास. "उजळलं."

"इशिझुका-सान, हात जोडतो. एक तरी सांगा."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. पॅडकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पहिला शिक्का माझा होता. चष्मा सापडत नव्हता. मला वाटलं, कचऱ्याचं वेळापत्रक."

मी बाबांकडे बघितलं.

"आणि बाकीचे दहा?"

"ते माझ्या शेजारी. पहिला शिक्का जिथे पडला तिथून पुढे ओळ लावायची. मध्येच कोणी दुसरीकडे मारला तर वेडंवाकडं दिसतं."

"आणि रंग?"

इशिझुका-साननी पानांची जुडी पायरीवर ठेवली, कंबरेवर हात ठेवले, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा बाबांशी मांजराच्या आणि पोस्टमनच्या भाषेत बोलल्या. एकेका वाक्यामागे 'दाप्पे' धाडधाड येत होतं. "कालपासून माझं स्वैपाकघर हिरवं झालंय. तोफू हिरवा दिसतो. सकाळी आणलेला तोफू, दोनदा वास घेतला आणि तरी टाकून दिला. नातू म्हणतो, आजी, दवाखान्यात जाऊया का, तोंड बघ कसं झालंय. नको. असला रंग नको, दिघे-सान. काढा तो."

बाबांचा चेहरा मी बघितला. दहावीच्या निकालाला माणसाचा तसा होत असेल.

"मग इतकी वर्षं का बोलला नाहीत?"

"तुम्ही परत जाणार ना. दोन वर्षांच्या पाहुण्याला कशाला बोलायचं."

"मी कुठे जातोय? मी लावलेल्या पर्सिमनला आत्ता कुठे फळं धरायला लागलीत."

"ती तुरट आहेत," इशिझुका-सान म्हणाल्या. "तुम्ही घरोघर वाटता, कोणी खात नाही. ती जात सोलून, दोरीला टांगून, वाळवून खायची असते."

"हो का?"

"आणि शनिवारी सकाळी सात वाजता गवत कापायचं यंत्र लावता."

"आणि?" बाबा एक पायरी खाली उतरले.

"आणि नाचताना उलटे फिरता. माझ्या बहिणीचा अंगठा अजून दुखतो." त्यांनी दम घेतला. "आज एवढं पुरे."

तेवढ्यात आई बाहेर आली, वाकून नमस्कार करून तिने जुडी उचलली आणि सवयीने वरचं पान उलटं करून शिरा बघायला लागली. अळूवडीला पीठ मागच्या बाजूला लावतात, त्यामुळे आईला पान नेहमी उलटंच दिसतं. इशिझुका-साननी त्या उलट्या पानावर बोट ठेवलं.

"हिरवाच हवा असेल तर हा घ्या. वरचा नाही, हा खालचा. वरचा डोळ्यांत जातो."

बाबांनी ते पान हातात घेऊन मटाराच्या भिंतीवर धरलं. पिठूळसा, राखेतून उठल्यासारखा, कोणाला काही न म्हणणारा हिरवा. "अगं, हाच," ते आईला म्हणाले. "शेडकार्डात आठवडाभर मी हाच शोधत होतो. मला नाव आठवत नव्हतं."

"नाव कसलं? दर ऑक्टोबरात त्याला बेसन लावते मी."

पन्हळीवरून नेमोतो-सान खाली उतरले. पान घेतलं, शेडकार्डाच्या पन्नासही पट्ट्यांशी लावून बघितलं, एकही जमली नाही. मग त्यांनी बादलीत पांढरा ओतला, त्यात काळा, गेरूसारखा पिवळा, आणि सगळ्यात शेवटी चमचाभर हिरवा. "हिरव्यात हिरवा सगळ्यात कमी घालायचा," ते ढवळत म्हणाले. त्यांचं एवढं लांब वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. पान सुकायच्या आत रंग जुळवायचा होता, म्हणून आई त्याच्यावर पाणी शिंपडत उभी राहिली.

यावेळी पुठ्ठा नाही. त्यांनी भिंतीवरच दाराएवढा चौकोन रंगवला. तो वाळेपर्यंत इशिझुका-सान घरी जाऊन आपल्या खिडकीत उभ्या राहिल्या. त्यांनी नवा तोफू पांढऱ्या बशीत काढून खिडकीच्या कडेवर ठेवला, चष्मा लावला, वाकून एका बाजूने बघितला, मग दुसऱ्या बाजूने. आम्ही चौघं रस्त्याच्या अलीकडे उभे. शेवटी त्यांनी बशी उचलून आम्हाला दाखवली. तोफू पांढरा होता.

"बरं आहे," त्या खिडकीतून ओरडल्या. दाप्पेसकट.

"'बरं आहे' म्हणाल्या," बाबा आईला म्हणाले. "'छान' नाही म्हणाल्या."

शुक्रवारी मटारावर दोन हात पडले, शनिवारी परांची उतरली. दारातल्या आतल्या भिंतीलाही तोच अळूचा हिरवा लागला, आणि त्यासमोर आमच्या छत्र्या आणि चपला एकदम शहाण्या दिसायला लागल्या. तिसऱ्या रंगाचा एक डबा उरला. तो दुकानदार परत घेत नव्हता, म्हणून नेमोतो-साननी तो आमच्या संडासाच्या भिंतींना फासला. तिथे गल्लीचं एकमत अजून टिकून आहे. सकाळी आत गेलं की झोप उडते.

रविवारी बाबांनी मुलुंडला फोन केला. "आबा, तक्रारी आल्या."

"किती?"

"चार. सगळ्या एकाच बाईच्या."

"चांगली बाई आहे," आबा म्हणाले. "तिला जपा."

नोव्हेंबरात पुढचा पॅड फिरून आमच्याकडे परत आला. वर नाल्याच्या सफाईची सूचना, आणि तिच्या खाली एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली, इशिझुका-सानच्या अक्षरात. 'दिघे-सान. गवताचं यंत्र आठनंतर.' तिच्याखाली अकरा लाल शिक्के, एका ओळीत.

बाबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग कपाटातून आपला शिक्का काढला, फुंकर मारली, आणि ओळीच्या शेवटी, अगदी सरळ येईल असा, बारावा मारला.